पायवाटेच्या शेवटी ऊन पाणी

सुट्टी म्हटली की आपल्या मध्यमवर्गाला प्रथम आठवते ते तिकीट. रजा प्रवास सवलतीचा हिशेबही तिकिटावरच चालतो. जो पायी हिंडतो त्याला तिकीट नाही, म्हणून देयकही नाही. आणि ज्याचे देयक नाही तो प्रवासच नव्हे, अशी काहीशी समजूत रूढ झाली आहे. ज्या प्रदेशात लाखो माणसे दरवर्षी आषाढात पंढरीपर्यंत चालत जातात, त्याच प्रदेशातील शिक्षक व कारकून दिवाळीच्या सुट्टीत दोन कोसही चालू नयेत, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

वस्तुतः पायी सुट्टी घालविण्यास कोकणाइतका अनुकूल मुलूख विरळा. संगमेश्वर तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, प्रचितगडाच्या छायेत शिर्क्यांचे शृंगारपूर वसले आहे. माथ्यावरील रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. तेथे परवानगीवाचून जाता येत नाही. परंतु पायथ्यापासून शास्त्री नदीच्या खोऱ्यातून खाली उतरावे, नायरीवरून कसब्याला यावे, कर्णेश्वराच्या प्राचीन मंदिरातील शिल्पे निवांत पाहावीत, १६८९ मध्ये संभाजी महाराज जेथे पकडले गेले त्या भूमीवर क्षणभर थांबावे आणि पुढे उत्तरेस राजवाडी-तुरळकडे वळावे. दोन-तीन दिवसांची ही चाल सरळ डांबरी रस्त्याने केली तर रुक्ष; पण भाताच्या बांधांवरून, साकवांवरून, जांभ्याच्या पाखाड्यांवरून केली तर प्रत्येक वाडीची ओळख पटत जाते. शेवटी राजवाडीला सोमेश्वराच्या सान्निध्यात ऊन पाण्याचे कुंड आहे. दमलेले पाय त्या पाण्यात सोडण्याचे सुख मोटारीतून उतरणाऱ्याला मिळत नाही. कारण त्याचे पाय दमलेलेच नसतात.

हे पाणी काही ज्वालामुखीचे नव्हे. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. पालघर जिल्ह्यापासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत अशा झऱ्यांची ओळच लागली आहे. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे या ग्रामनामांतच ‘ऊन’ पाणी साठविलेले आहे.

मग उणीव कशाची? जपानमधील की द्वीपकल्पातील कुमानोच्या यात्रामार्गांकडे पाहिले म्हणजे ती ध्यानी येते. डोंगरांतून जाणाऱ्या या जुन्या पायवाटांना २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतील मुख्य वाटेवर दर पाचशे मीटरना क्रमांकाचा खांब आहे. होंगूच्या देवस्थानाजवळ युनोमिने नावाचे उष्णोदकाचे चिमुकले गाव लागते. तेथे लाकडी खोपटातील एका लहानशा कुंडात यात्रेकरू पाळीपाळीने स्नान करतात आणि कढत झऱ्यात अंडी व कंद उकडून खातात. वाट व कुंड ही तेथे एकाच परंपरेची दोन टोके मानली जातात. आपल्याकडे कुंडापर्यंत मोटार पोहोचविण्याची धडपड होते. वाटेचा विचार कोणी करीत नाही.

आणि ती वाट आज खरोखरच नाहीशी होत आहे. शहरातील माणसे कोकणात जमिनी घेतात. पूर्वी गुडघाभर उंचीचा गडगा असे व तो ओलांडण्यासाठी पायरी ठेवलेली असे. आता तेथे पुरुषभर भिंत व कुलूपबंद फाटक येते. पिढ्यान्‌पिढ्यांची पाखाडी एका रात्रीत खासगी होते. पर्यटक दुसरीकडे जाईल. पण शाळेला जाणारी पोरे आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई यांनी वळसा किती घालावा? १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ शेतकऱ्याला बांधावरून आपल्या शेताकडे जाण्याची वाट देते. परंतु वाडीवाडीला जोडणाऱ्या सार्वजनिक पायवाटेचा वाली कोण, या प्रश्नाचे उत्तर गावकऱ्यांना सहजी मिळत नाही.

चालणारे पर्यटक आले तर कुंडे घाण होतील, असा आक्षेप येईल. साबणाचा फेस व प्लॅस्टिकचा कचरा कुंडाकाठी आजही दिसतो; तो बहुधा तासाभरासाठी गाडी थांबविणाऱ्यांचा असतो. जो तीन दिवस चालून येतो, वाटेत कोणाच्या ओसरीवर निजतो व पिठलेभाकरीचे पैसे देऊन जेवतो, तो त्या गावाचा पाहुणा होतो. आणि पाहुण्याला भीड असते.

यासाठी कोट्यवधींच्या योजना नकोत. गावनकाशावर तुटक रेषांनी दाखविलेल्या पायवाटा ग्रामपंचायतींनी प्रत्यक्ष चालून पडताळाव्यात, अडविलेल्या मोकळ्या कराव्यात, वळणावर एखादा दगड रंगवावा, कुंडाशी साबणाला मज्जाव करावा. कोकण रेल्वे संगमेश्वरापर्यंत माणसे आणून सोडीत आहे. तेथून पुढची वाट पायांची आहे. तिच्यावरून कोणी चालेनासे झाले, तर ती कोणाची होती हे सांगणाराही उरणार नाही.