अपलोडचं काय?

सरकारच्या लेखी ब्रॉडबँड म्हणजे काय? २००४च्या धोरणात २५६ केबीपीएस, नंतर ५१२, आणि २०२३पासून किमान २ एमबीपीएस. आकडा वाढला, पण तो फक्त डाउनलोडचा. अपलोडबद्दल व्याख्येत अवाक्षर नाही. म्हणजे तुम्ही बघायचं, ऐकायचं. बोलायचं झालं तर तुमचं नशीब.

खरं तर इंटरनेट कॉलला फार काही लागत नाही. एका बाजूचा आवाज १०० केबीपीएसमध्ये आरामात मावतो. तरी इंटरव्ह्यूच्या ऐन वेळी ‘हॅलो, आवाज येतोय का?’ सुरू होतंच. रील पुढचं थोडं आधीच उतरवून ठेवते, म्हणून अडकत नाही. बोलणं असं साठवून ठेवता येत नाही. आवाजाचं प्रत्येक पॅकेट तिथल्या तिथे, न हरवता पोचावं लागतं. उशीर झालेलं पॅकेट फेकूनच द्यायचं.

आणि जाहिरातीत काय? ‘१०० एमबीपीएसपर्यंत’. या ‘पर्यंत’मध्ये शून्यही बसतं! कंपन्यांनी प्रत्येक प्लॅनसोबत किमान अपलोड, लेटन्सी आणि पॅकेट लॉस छापलाच पाहिजे, आणि तोही संध्याकाळी नऊचा, जेव्हा अख्खी बिल्डिंग ऑनलाइन असते. पहाटे चारचा नको.