कुंडीतला कस

मागच्या महिन्यात याच जागी गच्चीवरच्या मिरच्यांबद्दल लिहिले होते. त्यानंतर वडगावहून एका वाचक भगिनींचा फोन आला. "मॅडम, मिरच्या राहू देत. माझ्या कुंड्यांत झाडं कमी आणि गवतच जास्त आहे. उपटलं की चार दिवसांत परत हजर! तेवढं एकदा लिहा." लिहिते म्हटले खरे. पण लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की तणाविषयी मला जे काही कळते ते बहुतेक सगळे आमच्या गच्चीवरच्या एकाच कुंडीने शिकवले आहे, आणि ती कुंडी आहे माझ्या सासूबाईंची.

आधी एक कबुली. माझे माहेर मराठी, सासर कन्नड. मराठीतली 'कुंडी' कन्नड घरात मोठ्याने म्हणायची सोय नाही, हे आपल्या दुभाषी वाचकांना सांगायला नकोच. म्हणून आमच्या घरी ती पहिल्यापासून 'पाट'. लग्नानंतर सासूबाई, म्हणजे अत्ती, एकदा म्हणाल्या, "पाटिन्यागिन कस तेगी." मी चक्रावले. मातीचा कस जावा म्हणून कोणी मुद्दाम कष्ट करते का? आमच्याकडे कस म्हणजे मातीची ताकद, त्यांच्याकडे कस म्हणजे केर, तण. एकाच शब्दाची दोन टोके. पुढे मी त्या कुंडीचे जे केले, त्यात हे दोन्ही अर्थ खरे झाले.

अत्तींचे गाव चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा गावात पाणी शिरले आणि कितीतरी दिवस हलले नाही. आमचे घर जुने, मातीच्या भिंतींचे. पाणी ओसरल्यावर बघायला गेलो तेव्हा दोन भिंती उभ्या होत्या, बाकी ढिगारा. भांडीकुंडी चुलतदिरांनी आधीच हलवली होती. अत्तींनी ढिगाऱ्याकडे फार वेळ बघितलेही नाही. त्या सरळ परसात गेल्या. तिथे दुंडुमल्लिगेचे, म्हणजे आपल्या मोगऱ्याचे, जुने खोड गाळात अर्धे गाडले गेले होते. ते त्यांनी खणून काढायला लावले आणि सोबत बुट्टीभर परसातली माती. बेळगावला आल्यावर सिमेंटची मोठी कुंडी आणून त्यात ते खोड त्याच मातीत लावले. मोगरा दिवाळीच्या सुमारास फुटला. पण त्याच्याही आधी फुटला तो लव्हाळा.

लव्हाळा म्हणजे नागरमोथा, कन्नडमध्ये जेकु. पुष्कळजण त्याला गवतच समजतात आणि तिथेच पहिली चूक होते. दांडी दोन बोटांत धरून फिरवून बघा. गवताची दांडी गोल लागते, लव्हाळ्याची तीनधारी. खाली मातीत त्याच्या काळपट गाठी असतात, एकीला दुसरी बारीक दोऱ्याने जोडलेली, माळेसारख्या. दिवाळीच्या उटण्यात जो सुगंधी नागरमोथा घालतो ना, त्या याच गाठी! इतकी गुणी वस्तू, पण 1977 साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांचा ग्रंथ निघाला त्यात पहिला मान हिलाच मिळाला.

मी रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी घाईघाईने वरची पाती ओढायची. हाताला लागेल तेवढे निघायचे, आणि आठवड्यात दुप्पट. अत्ती कट्ट्यावरून बघत असायच्या. "हंग जग्गब्याडवा, गड्डी ओळगैती," असे त्यांनी दोन-तीनदा सांगितले. मी एमए झालेली, वर्गात साठ मुलांना गप्प बसवणारी, मला गवत उपटायला कोणी शिकवायचे म्हणजे काय! कारण नंतर वाचनात आले. माळेतली वरची गाठ फुटलेली असते तोवर ती खालच्या गाठींना दाबून धरते. पाते तोडले, दोरा तुटला, की खालच्या झोपलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात. मी रोज सकाळी त्यांना उठवण्याचेच काम करीत होते.

2021 च्या पावसाळ्यात मी कंटाळले. मी म्हटले, माती बदलून टाकू, नवीन लाल माती नि शेणखत आणू. अत्ती काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी जेवल्याही अर्धवट. संध्याकाळी यजमानांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "ती माती टाकू नकोस. तेवढीच राहिलीय." मला ते तोवर सुचलेच नव्हते.

मग मी शहाणपणा केला. बाजारात एका दुकानात तणनाशक मागितले. दुकानदार म्हणाला, "गवतावरच मारा, झाडाला काही होत नाही." संध्याकाळी अत्ती देवळात गेल्यावर छोट्या पंपाने लव्हाळ्यावर फवारले. वाराही होता थोडा. आठ-दहा दिवसांत लव्हाळा पिवळा पडला आणि मी मनात खूश. तिसऱ्या आठवड्यात मोगऱ्याची नवी पालवी आली ती फिकट, सुतळीसारखी अरुंद, झुपक्याझुपक्याने. एक फांदी वाळली, मग दुसरी. ग्लायफोसेट हे औषध हिरव्या पानातून आणि कोवळ्या सालीतून आत शिरते आणि झाडाच्या रसाबरोबर मुळापर्यंत जाते. लव्हाळा कुठला आणि मोगरा कुठला, ते त्याला कळत नाही. शेतात पिकांच्या ओळींत हातभर अंतर तरी असते. बारा इंचांच्या कुंडीत कुठले अंतर? पुढे 2022 साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून हे औषध फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांमार्फतच वापरावे असे ठरवले. माझ्या मोगऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. मीठ, व्हिनेगर, उकळते पाणी असले उपायही लोक सांगतात. फरशीच्या फटीत ठीक आहेत, कुंडीत नाहीत. मीठ तर मातीतच राहते आणि झाडाच्या मुळांवर उठते.

मी अत्तींना खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, त्याचेच जास्त लागले. त्यांनी कात्री मागितली, सगळ्या वाळक्या नि आजारी फांद्या वीतभर उंचीवर छाटल्या आणि म्हणाल्या, संक्रांतीपर्यंत वाट बघू.

संक्रांत झाल्यावर बुडाशी दोन निरोगी फुटवे दिसले. तेव्हा आम्ही गच्चीवर जुनी चादर पसरून ती कुंडी उपडी केली. मोगरा मुळांसकट बादलीतल्या पाण्यात धुऊन घेतला. मुळांच्या जाळ्यातही गाठी अडकल्या होत्या, त्या एकेक करून सोडवल्या. माती दोन दिवस सुकू दिली आणि वाळू चाळायच्या चाळणीने चाळली. ढेकूळ दिसले की अत्ती ते बोटांनी फोडायच्या, आत गाठ आहे का बघायच्या. मी मराठीत मोजत होते, त्या कन्नडमध्ये. माझ्या 162 झाल्या, त्यांच्या 170. कुणाचे चुकले यावर अजून एकमत नाही. एका कुंडीत एवढ्या! कुंडीच्या तळाच्या भोकातून एक कोंब बाहेर पडून शेजारच्या कुंडीकडे निघाला होता, तोही सापडला. गाठी कचऱ्यात किंवा खताच्या खड्ड्यात टाकल्या नाहीत, कारण तिथे त्या जगतात. पत्र्यावर कडक उन्हात वाळत घातल्या, पार खडखडीत होईपर्यंत. लव्हाळ्याचे बी क्वचितच रुजते, सगळा पसारा गाठींचा. त्यामुळे गाठ गेली की खरोखरच गेली. परसातली माती मात्र सगळी परत कुंडीत गेली, मुरलेले शेणखत नि थोडा भाताचा तूस मिसळून.

आता वडगावच्या भगिनींसाठी बाकीचे. लव्हाळा सोडला तर इतर तणांना एवढे दमवावे लागत नाही, पण प्रत्येकाची खोड वेगळी. आंबुशीची छोटी शेंग पिकली की नुसता धक्का लागताच फुटते आणि बिया लांब उडतात, एका कुंडीतून दहा कुंड्यांत. तिला पिवळे फूल दिसले की थांबू नका. घोळ उपटून तिथेच मातीवर टाकली तर पुन्हा मूळ धरते. तिची भाजी करावी हे उत्तम; आमच्याकडे गोणी सोप्पूची भाजी भाकरीबरोबर आवडीने खातात. हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालून दोन्हीकडून पळते. गणपतीला दुर्वा हव्यात, कन्नड घरांत तीच गरिके, म्हणून ती लावायचीच असेल तर वेगळ्या कुंडीत, आणि ती कुंडी विटेवर उंच ठेवावी. गुलाबाच्या कुंडीत दुर्वा वाढवून दोन्ही कामे साधू म्हणणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे आता फक्त दुर्वा आहेत.

तण कुंडीत येते कुठून, हेही बघावे. वाऱ्याने, पाखरांनी येते ते थोडे. जास्त येते आपणच आणलेल्या मातीतून आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून, कारण गुरांच्या पोटातून बिया सुखरूप बाहेर येतात. खत काळे, भुसभुशीत, वास नसलेले झाले की मगच घ्यावे. नवी माती एप्रिलमध्ये ओली करून, वीतभरापेक्षा कमी जाडीचा थर देऊन, पारदर्शक प्लॅस्टिकखाली कडा दाबून चार ते सहा आठवडे उन्हात ठेवली तर बरेचसे बी मरते. आपल्याकडे वळीव मध्येच हजेरी लावतो, म्हणून कडांवर विटा हव्यात. लव्हाळ्याच्या गाठींवर मात्र याची खात्री धरू नये. त्याचा टोकदार कोंब प्लॅस्टिकलाही भोक पाडून वर येतो, मी पाहिले आहे.

आणि माती उघडी ठेवू नका. दोन बोटे जाडीचा शेंगांच्या टरफलांचा, वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. उजेड मिळाला नाही की बारीक बी रुजतच नाही, शिवाय उन्हाळ्यात पाणी कमी लागते. बेळगावात शेंगांना तोटा नाही. आमच्या कोपऱ्यावरचा शेंगदाणेवाला टरफले फुकट देतो. उपटायचे ते पाणी घातल्यावर तासाभराने, माती मऊ असताना, जुन्या स्क्रू ड्रायव्हरने बाजूने उकरून. रविवारी तासभर करण्यापेक्षा रोज पाच मिनिटे.

ती रोजची पाच मिनिटे आमच्याकडे अत्तींची आहेत. गुडघे वाकत नाहीत म्हणून कुंडी आता स्टुलावर चढली आहे आणि त्या समोर खुर्ची टाकून बसतात. पावसाळ्यात अजूनही लव्हाळ्याचे एक-दोन कोंब निघतात. मोजणीत राहिलेल्या आठ गाठी त्याच असाव्यात, असे त्यांचे म्हणणे.

वडगावच्या भगिनींनी फोनवर मोगऱ्याचे एक रोपही मागितले होते. फांदीला दाब देऊन केलेले एक तयार होते. परवा अत्तींनी ते पिशवीतून काढले, मुळे नळाखाली स्वच्छ धुतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले. मी म्हटले, थोडी माती राहू दे की, रोप लवकर धरेल. "जेकु होगतैती अवर मनिगे," त्या म्हणाल्या. बादलीत उतरलेला गाळ त्यांनी परत कुंडीत ओतला. "मण्णु नम्म कडे इर्ली."