गड चढता येतो म्हणून केदारनाथ सोपे नाही

नागपूर-रामटेक परिसरातून दरवर्षी अनेक जण चारधाम यात्रेला किंवा नेपाळला जातात. गडमंदिराच्या पायऱ्या न थांबता चढतो, मग केदारनाथला काय होणार, असा विश्वास त्यांच्यातल्या काहींना असतो. पण हिमालयात प्रश्न केवळ पायांतल्या बळाचा नसतो, हवेचा असतो.

रामटेक समुद्रसपाटीपासून साधारण ३५० मीटरवर आहे, तर केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब घटल्याने प्रत्येक श्वासातून तो सुमारे एक-तृतीयांश कमी मिळतो. शरीर याला सरावते, मात्र त्यासाठी काही दिवस लागतात. घाईच्या सहलीत नेमके तेच दिवस कापले जातात. हेलिकॉप्टरने तर ही उंची काही मिनिटांत गाठली जाते.

२०२२ च्या चारधाम यात्रेत पहिल्या महिनाभरातच सुमारे शंभर यात्रेकरू दगावले. त्यांतले बहुतेक हृदयविकाराने गेले. त्यानंतर उत्तराखंडात पन्नाशीपुढच्या यात्रेकरूंच्या तपासणीवर भर दिला गेला. तपासणी हवीच, पण तिने चढाईचा वेग कमी होत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या कैलास-मानसरोवर यात्रेत दिल्लीत आणि पुन्हा वाटेत उंचीवर तपासणी होते, सरावासाठी मुक्काम असतात आणि अपात्र ठरलेल्याला परत पाठवले जाते. हीच शिस्त खासगी सहलींतही हवी.

नियम साधा आहे. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारे ३,४४० मीटरवरच्या नामचे बाजारात दोन रात्री काढतात, त्या यासाठीच. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवावे. ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

विदर्भासाठी आणखी एक धोका आहे, तो सिकलसेलचा. कमी ऑक्सिजनमध्ये या रुग्णांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. एरवी ठणठणीत असलेल्या वाहकांच्याही प्लीहेला क्वचित इजा होते. त्यामुळे रक्तदाब आणि साखरेबरोबर सिकलसेलची तपासणीही निघण्यापूर्वी करून घ्यावी.

‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे रामटेक, असे अनेक अभ्यासक मानतात. तिथून कैलासाकडे निघालेल्या मेघालाही यक्ष दमल्यावर डोंगरमाथ्यावर विसावा घ्यायला सांगतो. सहलीचे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाने कंपनीला हेच विचारावे : रात्रीचे मुक्काम किती उंचीवर आहेत, विश्रांतीचे दिवस किती आणि कोणी आजारी पडल्यास त्याला खाली कोण आणणार?