पायाखाली जाणारी रांगोळी



2023 च्या एप्रिलमध्ये मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशातले अँटिग्वा हे जुने शहर पाहण्याचा योग आला. ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह चालू होता. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री मिरवणुकीच्या वाटेवरची कितीतरी घरे जागीच होती. दगडी रस्त्यावर वाळूचा थर देऊन, त्यावर साचे ठेवून, आजीपासून नातवापर्यंत सगळे रंगीत लाकडी भुशाचे (आपल्या इंदुरी बोलीत बुराद्याचे) गालिचे काढत होते. भुसा उडू नये म्हणून वर पाणी शिंपडत होते.

सकाळी जांभळ्या झग्यांतले भाविक ख्रिस्ताची मूर्ती खांद्यावर घेऊन आले आणि त्या गालिच्यांवरूनच पुढे गेले. रात्रभराची मेहनत काही मिनिटांत विस्कटली. मला हळहळ वाटली. काढणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होते. 2022 मध्ये युनेस्कोने या सप्ताहाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आहे.

पालखीपुढची आपली रांगोळीही अशीच असते. शाळेत मात्र आपण रांगोळीभोवती दोरी बांधतो, नंबर काढतो आणि बाकीच्या मुलींना हिरमुसून घरी पाठवतो. यात मीही दोषी आहे.

माझे स्पष्ट मत आहे, यंदा गणेशोत्सवात रांगोळी स्पर्धा नको. फाटकापासून सभागृहापर्यंत सगळ्यांनी मिळून एकच रांगोळी काढावी आणि बाप्पा तिच्यावरून यावेत. नंबर कुणाचाच नाही. पालकांनीही तो विचारू नये, ही विनंती.