व्हाइसरॉयांना नावे, मग वीरांना का नाहीत?

शेतकरी बंधूंनो, रापणकार भावांनो,

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून असलेल्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६४ साली संग्रहालय थाटले. तुमच्यापैकी किती जण त्याच्या आत गेले आहेत? “ते पर्यटकांचे ठिकाण, आमचे तेथे काय काम?” असे म्हणत असाल, तर हे वाचाच.

आत शिरताच आल्बुकेर्कचा कांस्य पुतळा दिसतो. वर व्हाइसरॉयांची चित्रे ओळीने लावली आहेत. ही चित्रे काढण्याची प्रथा १५४७ मध्ये सुरू झाली. प्रत्येक चित्राला नाव आहे, हुद्दा आहे. आता वीरगळांपुढे उभे राहा. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेत आहेत, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. काही दगडांवर तर गलबतांची लढाई कोरली आहे. हे कदंबांच्या काळाचे दगड. आल्बुकेर्क १५१० साली आला, त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावरची माणसे गलबते हाकीत होती, लढत होती, मरत होती. बहुतेकांची नावे मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

वीराचे नाव गेले ते गेले. पण निदान त्याच्या गावाचे नाव तरी नको काय? दगड कोणत्या मळ्यातून, कोणत्या देवळाच्या आवारातून आला, ते मराठीत आणि कोकणीत ठळक लिहा. त्याचे मोठे छायाचित्र त्या गावच्या पंचायतीत लावा. ही मागणी काय फार मोठी आहे?

“अडाण्यांना यातले काय कळते?” असे म्हणणाऱ्या शहाण्यांना आम्ही विचारतो: कुशावतीच्या काठची उसगाळीमळची कातळचित्रे १९९३ मध्ये संशोधकांना कुणी दाखवली? गावकऱ्यांनीच ना! आणि पैसा नाही म्हणाल, तर साळावली धरणाच्या पाण्याखाली जाणारे कुर्डीचे महादेवाचे देऊळ दगड न् दगड सोडवून दुसरीकडे उभे केलेच की. मन असले म्हणजे सारे होते.

पण दोष एकट्या सरकारचा नाही. नांगराला मूर्ती लागली, भंगलेली दिसली, की आपण ती नदीत सोडतो. वीरगळावर कपडे धुतो, तो बांधाला लावतो. मग गोड बोलणारा एखादा दलाल येतो आणि चार नोटांत पूर्वज घेऊन जातो. १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू खाजगी माणसाने परदेशी नेणे गुन्हा आहे. पण गावाने तोंड मिटले तर कायदा कुणाला धरणार?

म्हणून सांगतो. शेतात दगड सापडला तर हलवू नका, घासू नका, पंचायतीला व पुरातत्त्व खात्याला कळवा, आणि कुठे सापडला ते लिहून ठेवा. नांगरणी आटोपली, रापण सुकत घातली, की शुक्रवार सोडून एक दिवस मुलांना घेऊन जुन्या गोव्यात जा. तेथल्या अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारा: “साहेब, हा दगड कुठल्या गावचा?” शंभर जणांनी विचारले तर उत्तर लिहावेच लागेल.