फॉरमॅट मारण्यापूर्वी

परवा रविवारी सकाळीच इंदापूरहून तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, निवृत्त शिक्षक. आवाज अगदी पडलेला.

"अरे, कॉम्प्युटर गेला. काल रात्री अपडेट करू का म्हणून विचारत होता, हो म्हटलं. आज बघतो तर पडदा काळा. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय नुसती. दुकानदाराला विचारलं, तर म्हणतो घेऊन या, फॉरमॅट मारावा लागेल."

त्या शेवटच्या वाक्याने माझ्याच पोटात गोळा आला. घरच्यांना माहीत आहेच, इतरांसाठी सांगतो. आमचं मूळ घर जुन्या पळसदेवचं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि जुनं गाव भीमेच्या पाण्याखाली गेलं. तात्या गेली सहा वर्षं त्या गावाच्या आठवणी लिहिताहेत. कुणाचा वाडा कुठे होता, आड कुठे होता, पळसनाथाच्या देवळाकडे कोणत्या बोळातून जायचं, सगळं. हे सांगू शकणारी घरातली बाकीची माणसं आता राहिलेली नाहीत. आणि पेनड्राइव्हवर शेवटची कॉपी केली होती गेल्या दिवाळीत!

तात्यांचा संगणक लिनक्सवर चालतो, मेनूपासून सगळं मराठीत. मीच घालून दिलेला, त्यामुळे जबाबदारीही माझीच :)

मंडळी, पडदा काळा झाला म्हणजे संगणक मेला असं नसतं. लिनक्समध्ये खिडक्या, चिन्हं, माउसचा बाण हे सगळं दाखवायचं काम एक वेगळा प्रोग्राम करतो. त्याला म्हणतात डिस्प्ले सर्व्हर. त्यातला जुना आणि प्रसिद्ध म्हणजे एक्स, १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये सुरू झालेला. २००८ पासून वेलँड नावाचा नवा भिडू आला आणि आता बऱ्याच ठिकाणी त्यानेच जागा घेतली आहे. तात्यांचा मात्र अजून एक्सच. दोघांचीही मदार ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरवर. अपडेटमध्ये कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नवा आला आणि ड्रायव्हर जुन्या कर्नेलपुरताच तयार केलेला राहिला, तर चित्र उमटत नाही. आतलं बाकी सगळं जागच्या जागी असतं.

हे काही फक्त आपल्याच नशिबी येतं असं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उबुंटूच्या ६.०६ आवृत्तीला एक्सचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले लोक काळ्या पडद्यापुढे बसले. दुरुस्ती लगेच आली, पण ती घ्यायची म्हणजे त्याच काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं आलं!

तर फोनवरून आमची शाळा सुरू झाली. टाइप करायला नववीतली पुतणी, वाचून दाखवायला तात्या. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबायला सांगितलं. नाव विचारणारी ओळ आली. मग पासवर्ड.

"काहीच उमटत नाही रे."

"उमटत नाही तात्या, पण आत जातंय. टाकू द्या तिला."

आत गेल्यावर फायलींची यादी मागवली आणि तात्या एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "नावं गेली सगळी. नुसते चौकोन दिसताहेत."

सहा वर्षांच्या कामाच्या जागी चौकोन! पण नावं कुठेच गेली नव्हती. त्या काळ्या पडद्याला जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती ठाऊक असतात, आणि जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी अक्षराच्या आधी काढणं हे त्याला जमतच नाही. अक्षरं डिस्कवर शाबूत होती, फक्त दाखवणारा नव्हता.

मग एक्सची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडली. त्यात 'ईई' अशी खूण असलेल्या ओळी म्हणजे चुका. तात्यांनी वाचलं, "नो स्क्रीन्स फाउंड. अरे, मग हा माझ्यासमोर काय आहे?" एवढ्या गडबडीतही हसू आलं. ड्रायव्हरच लोड झाला नव्हता. संगणक पुन्हा सुरू करून सुरुवातीच्या यादीतून आधीचं कर्नेल निवडायला लावलं आणि मराठी डेस्कटॉप समोर हजर! सगळ्यात आधी आठवणींचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. मग नव्या कर्नेलच्या हेडर फायली टाकल्या, ड्रायव्हर पुन्हा तयार झाला. एकूण सव्वा तास.

आता माझं म्हणणं. 'फॉरमॅट मारा' हा आपल्याकडचा पहिला उपाय झाला आहे. तो शेवटचा असायला हवा. कुलूप अडकलं म्हणून कुणी घर पाडत नाही. दुकानदाराची बाजूही कळते. गिऱ्हाईक घाईत असतं आणि सव्वा तास लॉग वाचण्याचे पैसे कुणी देत नाही. पण 'आधी माझ्या फायली काढून द्या' एवढं तरी आपण ठणकावून सांगायलाच हवं.

दुसरं जास्त टोचलं. लिनक्स मराठीत यावं म्हणून अनेकांनी वर्षानुवर्षं मेनूतला एकेक शब्द मराठीत आणला. त्यांच्यामुळे तात्या संगणकावर लिहू लागले. पण गाडं अडलं की त्याच क्षणी मराठी गायब होते आणि सत्तरीतल्या माणसापुढे इंग्रजी ओळी उभ्या राहतात. सगळं सुरळीत असताना मराठी आणि संकटात इंग्रजी, हे उलटंच झालं की! काळ्या पडद्याला देवनागरी शिकवणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण संकटात काय करायचं ते मराठीत एका कागदावर लिहून देणं तर आहे? मेनू मराठी करून दिला तेव्हाच मी हे करायला हवं होतं. आपल्यापैकी ज्यांनी घरच्यांना असे संगणक लावून दिलेत, त्यांनी हा कागद जरूर लिहावा.

तात्या म्हणाले, "आता अपडेट बंदच करून टाक." ते मात्र मला पटत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. फक्त रात्री झोपताना करू नये, आधी कॉपी घ्यावी आणि जुनं कर्नेल काढून टाकू नये.

मी सांगत गेलो, तात्यांनी कागद लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला. पुतणीने त्याचा फोटो पाठवला आहे. माझ्या चार सूचनांखाली तात्यांनी मनाने पाचवी घातली आहे: "चौकोन दिसल्यास घाबरू नये. पाणी उतरलं की पळसनाथाचं शिखर दिसतंच."