संगणकातील धूळ आणि धंद्याचा हिशेब

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दुकानांत आणि कारखान्यांत संगणक आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. २०१७ साली जीएसटी लागू झाल्यापासून बिले, मालाची नोंद, ई-वे बिल, दरमहाचे विवरणपत्र, सारे काही याच पेटीतून होते. पूर्वी वही हरवली तर धंदा अडत असे, आज संगणक बंद पडला तर अडतो. असे असूनही या पेटीची निगा राखण्याच्या बाबतीत आपली बेफिकिरी पाहून आम्हाला खेद वाटतो.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग कारखाने घ्या. माग दररोज झाडला जातो, त्याचे तेलपाणी वेळेवर होते. कारण माग थांबला की मजुरी थांबते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच शेडच्या कोपऱ्यात मेहताजींच्या टेबलाखाली, थेट जमिनीवर ठेवलेला संगणक दोन-दोन वर्षे कोणी उघडून पाहत नाही. आमच्या परिचयातील एका कारखानदारांचा संगणक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे २० तारखेला, दर दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊ लागला. नवा घ्यावा लागेल असे सर्वांनी सांगितले. पेटी उघडली तेव्हा पंख्याखाली रुईचा बोटभर जाड थर निघाला. तो काढताच संगणक पूर्ववत चालू झाला. मात्र तोवर तारीख टळली होती आणि विलंब शुल्क भरावेच लागले.

असे का होते? संगणकाचा मुख्य भाग, म्हणजे प्रोसेसर, काम करताना तापतो. ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्यावर पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा व पंखा बसवलेला असतो. पात्यांमधील फटी धुळीने बुजल्या की हवा खेळत नाही आणि उष्णता आतच कोंडते. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आधी आपली गती कमी करतो आणि तरीही तापला तर संगणक बंद होतो. आपण म्हणतो, मशीन म्हातारे झाले. वास्तविक ते गुदमरलेले असते.

धूळही सर्वत्र सारखी नसते. सुताराच्या कारखान्यात लाकडाचा भुसा, गिरणीत पीठ, अत्तर व अगरबत्तीच्या दुकानात धुराने चिकट झालेली धूळ. ग्रिल व फॅब्रिकेशनच्या कारखान्यात तर लोखंडाचा बारीक कीस उडतो. त्यातून वीज वाहते, त्यामुळे तो सर्किटवर पडल्यास शॉर्ट होण्याचा धोका असतो. तेव्हा ज्याचा धंदा जसा, तशी त्याने काळजी घेतली पाहिजे.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. साफ करायचे ठरले की कारखान्यातला मोठा कॉम्प्रेसर आणून जोराने हवा मारली जाते. आमचा याला स्पष्ट विरोध आहे. अशा हवेबरोबर पाण्याचे व तेलाचे थेंब येतात, आणि तिचा दाब नाजूक भागांना सोसत नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालणेही बरे नव्हे, कारण त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. ही वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिप निकामी करू शकते. ओले फडके तर कधीच वापरू नये.

योग्य पद्धत साधी आहे. प्रथम हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्यावी. संगणक रीतसर बंद करून वायर काढावी. केवळ भिंतीवरचे बटन बंद करून भागत नाही, कारण यूपीएसच्या बॅटरीतून वीज येतच राहते, म्हणून वायर यूपीएसमधूनही काढावी. त्यानंतर चालू करण्याचे बटन काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज बरीचशी निघून जाते. पेटी बाहेर मोकळ्या हवेत न्यावी आणि नाकातोंडावर रुमाल किंवा मास्क बांधावा. बाजूचे झाकण उघडल्यावर पेटीच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज उतरते. हे मधूनमधून पुन्हा करावे.

मग नव्या, कोरड्या, मऊ केसांच्या ब्रशने धूळ हलकेच सुटी करावी. नायलॉनचा ब्रश टाळावा. सुटी झालेली धूळ हातपंपाने किंवा दाबाखालील हवेच्या डब्याने थोडीथोडी उडवावी. डबा उभाच धरावा, आडवा झाल्यास आतील द्रव बाहेर येतो. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो बेसुमार फिरून खराब होतो. प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा काढू नये. तो काढल्यास खाली नवी पेस्ट लावावी लागते आणि ते जाणत्याचे काम आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. वीजपुरवठ्याचा बंद डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्याच्या आत जबर वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. त्याच्या जाळीवरची धूळ बाहेरूनच काढावी.

काही बांधव म्हणतील, यासाठी मेकॅनिक आहे. बिघाडासाठी त्याला अवश्य बोलवावे. संगणक वॉरंटीत असेल व झाकणावर सील असेल तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय उघडूही नये. परंतु मेकॅनिक येतो तो संगणक बंद पडल्यावर. धूळ मात्र रोज येते. मागाच्या शेडमध्ये दर महिन्याला आणि साध्या दुकानात तीन-चार महिन्यांनी सफाई व्हायलाच हवी.

ज्या गावांत शुक्रवारी कारखाने बंद असतात, तेथे महिन्यातला एक शुक्रवार, सकाळचा अर्धा तास यासाठी ठेवावा. काम कोणाचे हे नाव घेऊन ठरवावे आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. सर्वांचे काम ते कोणाचेच काम नसते. पहिल्यांदा मालकाने स्वतः शेजारी उभे राहून करवून घ्यावे. नवख्या पोराच्या हाती पेटी देऊन निघून जाऊ नये. पेटी जमिनीवरून उचलून हातभर उंच ठेवावी, मागे हवेला जागा सोडावी आणि चालू असताना तिच्यावर कापड टाकू नये.

एका ब्रशची किंमत ती काय? त्याच्या अभावी हजारोंचे यंत्र बदलणे आणि ऐन तारखेला हिशेब गमावणे हा शहाणा व्यवहार नव्हे. उस्ताद आपल्या शागीर्दाला पहिला धडा हत्यार पुसून ठेवण्याचा देतो. संगणक हेही आता आपले हत्यारच आहे, याची जाणीव आपल्या बांधवांनी ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.